उंबऱ्याच्या आत किती?

पुणे-सोलापूर रस्त्याने निघालेल्या प्रवाशाला उजनीची पहिली ओळख होते ती पाण्याने नव्हे, मासळीने. भिगवण आले की रस्त्याच्या दुतर्फा खानावळींच्या पाट्या दिसू लागतात, मोटारीतली मुले जागी होतात आणि वडील मंडळी घड्याळाकडे पाहत 'जेवूनच पुढे जाऊ' असा ठराव करतात. पाणी दिसते ते त्यानंतर. कधी बाभळींच्या आडून, कधी उसाच्या फडामागून. इंदापूर मागे टाकून भीमानगरला आले म्हणजे भीमा ओलांडताना धरणाची भिंत समोर उभी राहते. १९६६ साली पायाभरणी झालेले आणि १९८० साली पुरे झालेले हे धरण. जलाशयाला 'यशवंतसागर' असे भारदस्त नाव आहे. पण लोकांच्या तोंडी धरणही उजनी, पाणीही उजनी आणि पाण्याकाठचा सारा मुलूखही उजनीच.

या मुलखात आकड्यांना फार मान आहे. धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातले जवळजवळ ६३ टीएमसी दरवाजांच्या खालचे, म्हणजे सरकारी भाषेत 'मृत'. पाणी त्या रेषेच्या खाली गेले की धरण 'मायनसमध्ये गेले' असे इथली शाळकरी पोरेही सांगतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली उतरले होते. शून्याखालचा आकडा म्हणजे काय हे आमच्या वर्गातल्या मुलांना फळ्यावर समजावताना गणिताच्या प्राध्यापकांना घाम फुटतो. करमाळे तालुक्यातल्या शेतकऱ्याला तो विहिरीच्या तळाशी दिसतो.

गावांच्या नावांनाही आकडे आहेत. वांगी नंबर एक, दोन, तीन, चार. केत्तूर नंबर एक आणि दोन. एका गावाचे पाण्याने असे तुकडे केले आणि जो तो आपापला तुकडा उचलून माळावर जाऊन बसला. देवळे, वाडे, पार, ओढ्याकाठच्या चिंचा सारे खाली राहिले. पलीकडच्या काठावर, पुणे जिल्ह्याच्या हद्दीत, पळसदेवचे पळसनाथाचे जुने देऊळ आहे. उन्हाळा कडक झाला म्हणजे ते पाण्यातून वर येते. मग शहरातून माणसे छायाचित्रे काढायला येतात आणि ज्यांचे ते देऊळ, ते लोक नारळ घेऊन येतात. डिकसळला रेल्वेचा जुना पूल आहे. रूळ हलले, पूल राहिला आणि पुढे कित्येक वर्षे माणसांच्या आणि बैलांच्या कामी आला. हलवलेल्या आणि राहून गेलेल्या वस्तूंची अशी यादी करायची म्हटली तर दिवाळी अंकाची सारी पाने पुरायची नाहीत.

माझ्या थोरल्या बहिणीचे सासर याच काठचे. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, अणुऊर्जेच्या क्षेत्रात किरणसुरक्षेचे काम करतो. मी मराठीचा अध्यापक. त्याचे काम मला पुरते कळत नाही आणि माझे काम, म्हणजे धडा शिकवून वर पगार घेणे, त्याला पुरते पटत नाही. गेल्या हिवाळ्यात चार दिवस सुट्टी काढून आम्ही दोघे या गावांतून हिंडलो. जेऊरला आगगाडीतून उतरलो आणि पुढे मिळेल त्या वाहनाने गेलो. थंडीचे दिवस होते. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे एका पायावर उभे होते. एका बाजूला केळीच्या बागा, दुसऱ्या बाजूला ऊस, मधून मातीचा रस्ता. केळीचे घड फोमच्या कागदात गुंडाळून परदेशी रवाना करण्याची लगबग चालली होती. पाण्याने एक पिढी उठवली आणि दुसरी बसवली, असेच म्हणायचे.

भाच्याचा एक चमत्कारिक छंद होता. कोणाच्याही घरी गेलो की तो आधी भिंतीची रुंदी हाताने मापी, मग छपराकडे पाही आणि मग चहा घेई. पहिल्या दिवशी मला वाटले, गड्याला घर बांधायचे असेल. दुसऱ्या दिवशी न राहवून विचारले. तो म्हणाला, "मामा, अणुभट्टीला अपघात झाला तर हे घर माणसाला किती वाचवील, त्याचा हिशेब करतोय. सवयच लागली आहे."

वाचकहो, या प्रसन्न हवेत, समोर हुरड्याची ताटली असताना हा विषय कोणाला रुचेल? पण चार दिवसांत तो मला असा काही चिकटला, की हा लेख त्याच्याभोवतीच लिहावा लागत आहे.

प्रथमच सांगून टाकतो, की उजनीकाठच्या मंडळींनी घाबरण्याचे काहीच कारण नाही. महाराष्ट्रातले अणुवीज केंद्र तारापूरला, अरबी समुद्राच्या काठी. १९६९ साली सुरू झालेले ते देशातले पहिलेच. तिथून उजनी सरळ रेषेत तीनशे किलोमीटरांच्या पलीकडे. आपल्याकडे अशा केंद्राभोवती संकटकाळची योजना आखतात ती सोळा किलोमीटरांच्या वर्तुळासाठी. तेव्हा इथे हा केवळ हिशेबाचा खेळ. मात्र वारा नकाशावरची वर्तुळे वाचत नाही, हेही जगाने पाहिले आहे. २६ एप्रिल १९८६ रोजी सोव्हिएत युक्रेनमधल्या चेर्नोबिलला भट्टी फुटली आणि बाहेरच्या जगाला तिची पहिली चाहूल लागली ती दोन दिवसांनी, हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या स्वीडनमधल्या एका वीज केंद्रात, कामगाराच्या बुटांवरच्या धुळीने. तिचा एक पदर तर थेट मुंबईपर्यंत आला होता. युरोपातून मदत म्हणून आलेल्या २०० टन आयरिश लोण्यात चेर्नोबिलचा अंश आहे म्हणून मुंबईतल्या जाणत्या मंडळींनी न्यायालय गाठले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तज्ज्ञांची समिती बसली आणि अंश आहे पण तो निर्धोक मर्यादेच्या आत आहे, असा १९८८ साली निकाल झाला. प्रश्न 'आहे की नाही' हा नव्हता. 'किती' हा होता. भाच्याच्या साऱ्या शास्त्राचे सार मला या एका शब्दात सापडले. किती?

तर अपघातात नेमके होते काय? भट्टीतून वायू आणि अतिसूक्ष्म धूळ ढगासारखी बाहेर पडते आणि वाऱ्याबरोबर चालू लागते. वाटेत पाऊस लागला की ती खाली उतरते. त्या धुळीत आयोडीन असते. त्याचे तेज दर आठ दिवसांनी निम्मे होत जाते, पण तेवढ्यात ते गवतावाटे गाईच्या दुधात आणि दुधावाटे लेकरांच्या गळ्यातल्या ग्रंथीत शिरू शकते. चेर्नोबिलला मुलांना जो त्रास झाला तो प्रामुख्याने या वाटेने. दुसरे असते सीझियम. त्यातली एक जात निम्मी व्हायला तीस वर्षे घेते. तिला गल्ली, अंगण, छप्पर सारखेच. जिथे पडेल तिथे मुक्काम करते आणि तिथून किरणे फेकत राहते.

म्हणजे माणसाला धोका दोन वेळचा. ढग डोक्यावरून जात असतानाचा एक, आणि ढग गेल्यावर खाली उरलेल्या धुळीचा दुसरा. घर दोन्ही वेळी उपयोगी पडते, पण सारखे नाही. ढग चालू असताना साध्या लाकडी घराचा आडोसा फार तर दहावा हिस्सा कमी करतो. चुन्या-विटांच्या घरात बाहेरच्या किरणांचा सुमारे सहा दशांश भाग पोचतो. धूळ जमिनीवर बसल्यावर मात्र लाकडी घरात बाहेरच्या ०.४ आणि विटांच्या घरात ०.२ एवढेच पोचते, असे आंतरराष्ट्रीय कोष्टक सांगते. मी म्हणालो, "लाकडाच्या फळीने एवढे कसे अडते?" भाचा हसला. "फळीने नाही, मामा. जमिनीने. घर जेवढी जागा व्यापते, तेवढ्या जागेवर धूळ पडलेलीच नसते. तुमच्या पायाखाली स्वच्छ जमीन आणि धूळ चार हात लांब, हाच निम्मा बचाव."

हे मला फार आवडले. घर म्हणजे चार भिंती असे आपण समजतो. खरे घर म्हणजे पायाखालची स्वच्छ जमीन.

आता इकडचे जुने घर कसे असते ते पाहू. सोलापूर आणि मराठवाड्यात पाऊस बेताचा, ऊन मात्र बेताचे नाही. म्हणून इथे उतरत्या कौलांऐवजी माळवद. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर काटक्यांचा थर आणि त्यावर वीत-दीड वीत चोपून बसवलेली पांढरी माती. उन्हाळ्याच्या रात्री त्याच माळवदावर गादी टाकून झोपायचे, त्यावरच पापड-कुरडया वाळवायच्या, आणि पाऊस तोंडावर आला की वर चढून नवी माती घालून चोपायची. आत उजेड यावा म्हणून छपराला एक भोक ठेवलेले असते. त्यातून पडणारा उन्हाचा कवडसा हेच पूर्वी बायकांचे घड्याळ. भाच्याने माळवदाच्या मातीत बोट खुपसून सांगितले, की सीझियमचे किरण दर सात-आठ सेंटिमीटर दडपलेल्या मातीला ढोबळमानाने निम्मे होतात. वीतभर मातीखाली बसलेल्या माणसापर्यंत वरच्या धुळीचा आठवा हिस्साच उतरायचा, आणि दोन हातांच्या भिंतीतून तर जवळजवळ काहीच नाही. आमच्या पणज्यांनी ऊन अडवायला घरे बांधली. त्यांना काय ठाऊक, की आपण कोणत्या उन्हाची सोय करतो आहोत!

पण लगेच त्याने दुसरी बाजूही मांडली. उतरत्या छपरावरची धूळ पावसाने थोडीफार वाहून जाते. माळवदाची माती ती धरून ठेवते. चिकणमातीला सीझियम असे बिलगते, की सोडता सुटत नाही. आणि दुसरे असे, की अपघात नसताना, म्हणजे आपल्या रोजच्या आयुष्यात, हिशेब अगदी उलटा असतो. दगड, माती, विटा यांतच निसर्गाने थोडे युरेनियम आणि थोरियम ठेवलेले आहे. त्यामुळे जगाची सरासरी घेतली तर घराबाहेर उघड्यावर जेवढे किरण असतात त्यांच्या सुमारे १.४ पट घराच्या आत असतात. शिवाय जमिनीतून निघणारा रेडॉन नावाचा वायू कोंदट खोलीत साचतो. माणसाला वर्षाकाठी निसर्गातून सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट एवढी किरणमात्रा मिळते, तीतली निम्म्याहून थोडी अधिक या रेडॉनचीच. एकूण काय, शांततेच्या काळात घर आपल्याला किरणे देते आणि संकटकाळी तेच ती अडवते. त्याच्या खिशात एक छोटे मापकयंत्र होते. ते त्याने अंगणात धरले, मग माजघरात धरले. आकड्यात फरक पडला म्हणावे असे काही दिसले नाही. दख्खनच्या काळ्या कातळात युरेनियम-थोरियम मुळातच फार कमी, हे त्याचे कारण. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूशी तुलना केली तर आपला सह्याद्रीचा दगड म्हणजे अगदी गरीब स्वभावाचा.

हा सारा संवाद ज्या माजघरात चालला होता, ते घर भाच्याच्या चुलत आजीचे. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू, कान मात्र तिखट. जुने गाव बुडायच्या आधी त्यांनी आपल्या घराच्या तुळया, दारे आणि जेवढे वाहून नेता आले तेवढे दगड बैलगाडीने वर आणले आणि नव्या गावठाणात पुन्हा तसेच घर उभे केले. शेजारी मुलाने पत्र्याच्या दोन खोल्या काढल्या आहेत, त्यांत पंखा आहे, दूरदर्शन संच आहे. पण आजी माळवदाखालून हलत नाहीत. त्यांनी नातवाला विचारले, "बाबा, मघापासनं तू हे काय मोजतुयास?" त्याने सोप्या शब्दांत सांगितले. आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी तुमचा आकडा जास्त आला तर सरकार म्हननार, उठा. आन कमी आला तर म्हननार, ऱ्हावा. आसंच ना?"

शास्त्रज्ञांच्या परिषदेत तीन दिवस बसूनही प्रश्न इतका नेमका मांडला गेला नसता. किरणांची मात्रा मोजायची ती केवळ कुतूहलासाठी नाही. त्या आकड्यावर माणसांनी घर सोडायचे की नाही, हे ठरते.

जपानात हे प्रत्यक्ष घडले. ११ मार्च २०११ रोजी भूकंप झाला, समुद्र चढून आला आणि फुकुशिमाच्या भट्ट्या थंड ठेवणारी यंत्रे बंद पडली. वीस किलोमीटरांच्या आतल्या लोकांना बाहेर काढले. वीस ते तीसच्या पट्ट्यातल्या लोकांना सांगितले, घरातच राहा. पण घरात राहायचे किती दिवस? दुकानांत माल येईना, गाड्यांना तेल मिळेना. वायव्येकडे गेलेला ढग बर्फ-पावसाने खाली उतरला आणि तीस किलोमीटरांच्याही पलीकडचे ईताते नावाचे गाव महिन्याभराने उठवावे लागले. उठलेल्यांची संख्या एका वेळी सुमारे १,६०,००० वर गेली होती.

तेव्हा जपान सरकारने जो हिशेब लावला तो भाच्याने मला वहीच्या पाठीवर मांडून दाखवला. माणूस दिवसाचे ८ तास बाहेर असतो असे धरायचे आणि १६ तास लाकडी घरात. घरातल्या तासांना ०.४ ने गुणायचे, म्हणजे झाले ६.४. त्यात बाहेरचे ८ मिळवले की १४.४. म्हणजे चोवीस तासांचा दिवस किरणांच्या हिशेबाने १४.४ तासांचा. बाहेर दर तासाला ०.१९ मायक्रोसीव्हर्ट जादा असेल, तर त्याला १४.४ ने आणि पुन्हा ३६५ ने गुणले की वर्षाला जवळजवळ १००० मायक्रोसीव्हर्ट, म्हणजे १ मिलिसीव्हर्ट. जमिनीतले मूळचे ०.०४ त्यात मिळवून यंत्रावर ०.२३ दिसले, की साफसफाईची वेळ झाली असे समजायचे. आणि ३.८ दिसले की वर्षाचे २० मिलिसीव्हर्ट. ती घर सोडण्याची रेषा.

गणित बिनचूक आहे. पण मला राहून राहून प्रश्न पडला, हा आठ तास बाहेर आणि सोळा तास घरात राहणारा माणूस कोण? तो कचेरीत जाणारा शहरी गृहस्थ असावा. उजनीकाठी तो मला भेटला नाही. म्हणून आम्ही दोघांनी मिळून, केवळ खेळ म्हणून, गावच्या माणसांचे दिवस मांडले.

आजींचा दिवस आधी. त्या दोन तास ओसरीपुढे उन्हात बसतात, बाकी बावीस तास माळवदाखाली. जाड भिंतींचे ०.२ धरले तर दोन अधिक ४.४, म्हणजे ६.४. कोष्टकातल्या माणसाच्या निम्म्याहूनही कमी. त्याच आजींना ०.४ च्या हलक्या घरात नेले तर १०.८. मग त्यांच्या मुलाचा दिवस. उसाला रात्रीचे पाणी, सकाळी धारा, दुपारी केळीची बाग. बारा तास उघड्यावर, बारा तास त्याच भक्कम घरात. बारा अधिक २.४, म्हणजे पुन्हा १४.४! बापजाद्यांनी भिंतीत जे कमावले ते सारे शेताने परत घेतले. कोळशासारखे पाणी अंधारात कापत जाळी टाकायला जाणाऱ्या भोयाचा दिवस आणखी निराळा. खोल पाण्यावर पडलेली धूळ विरते आणि पाणीच किरणे गिळते, म्हणून होडीतले तास जवळजवळ फुकटचे. मात्र गोड्या पाण्यातला मासा सीझियम अंगात साठवतो. होडीत वाचवले ते ताटात परत यायचे.

आणि सर्वांत शेवटी ऊसतोडीची टोळी. कारखाने सुरू झाले की बीड-नगरकडून गाड्या येतात आणि फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. पाचटाने किरणे अडत नाहीत, आणि कोपी आज इथे तर उद्या तिथे, म्हणजे धूळ पडून गेलेल्या जमिनीवरच पुन्हा पुन्हा उभी राहणारी. पायाखालची स्वच्छ जमीन तिच्या नशिबी नाही. त्यांचा दिवस चोवीस तासांचा तो जवळजवळ चोवीसच. भाच्याने तिथे पेन्सिल खाली ठेवली. आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. एकाच शिवारात, एकाच वाऱ्याखाली, ६.४ पासून २४ पर्यंत! सरासरी काढली तर ती या चौघांपैकी एकाचीही नाही.

जपान्यांना हे पुढे उमगले. तिथल्या गावोगावच्या पालिकांनी मुलांच्या आणि गर्भवती स्त्रियांच्या गळ्यात मात्रा नोंदवणारे बिल्ले घातले. बहुतेकांची खरी मात्रा कोष्टकाने वर्तवली होती त्यापेक्षा कमीच भरली. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सांगितले, की फुकुशिमातल्या रहिवाशांत थेट किरणांमुळे झाला असे म्हणता येईल असा आरोग्याचा अपाय नोंदलेला नाही. पण उठवण्याच्या घाईत, थंडीत, बसगाड्यांतून इकडून तिकडे हलवताना एका इस्पितळातले आणि त्याच्या वृद्धाश्रमातले चाळीसहून अधिक जण दगावले. पुढच्या वर्षांत विस्थापनाच्या हालांनी, आजारपणाने आणि खचून जाऊन फुकुशिमा प्रांतात २३०० हून जास्त माणसे गेली, असे सरकारी नोंदच सांगते. आकडा मोजला नाही तर माणूस किरणांत राहील. आकडा फुगवून मोजला तर माणूस घराबाहेर पडून मरेल. या दोन कड्यांमधून चालण्याची वाट म्हणजे घरातल्या मात्रेचा बिनचूक अंदाज.

हे मी आजींना सांगितले. घर सोडणे म्हणजे काय, हे त्यांना मी काय सांगणार! त्या म्हणाल्या, "पाव्हनं, आमी उठलो तवा पानी डोळ्यानं दिसत व्हतं. रोज वीतभर वर यायचं. म्हातारा रोज जाऊन काठी रोवून यायचा. पानी पार उंबऱ्याला लागलं तवाच त्यानं कुलूप काढून संगं घेतलं. दिसत व्हतं म्हनून पटलं. न दिसणाऱ्यासाठी कसं उठायचं वो?"

याला उत्तर एकच. न दिसणाऱ्याचीही काठी रोवावी लागते आणि ती सर्वांसमोर रोवावी लागते. आजोबांनी पाण्याचे माप घेतले ते स्वतःच्या हाताने, स्वतःच्या उंबऱ्याशी. म्हणून त्यांचा त्यावर विश्वास बसला. वरून पुण्या-चिंचवडचे सांडपाणी भीमेत उतरते, पाण्यावर हिरवी साय धरते, आणि पाणी तपासले म्हणून कागदावर सांगितले तरी या गावांत ते चटकन कोणी मानत नाही. त्यांचा राग शास्त्रावर नाही. आपल्या उंबऱ्याशी येऊन कोणी मोजत नाही, यावर आहे. भाच्याचेही हेच म्हणणे पडले. तो म्हणाला, की कोष्टक पहिल्या आठवड्यापुरते. पुढे घरोघर जाऊन विचारले पाहिजे, आजी कुठे बसतात, मुले कुठे खेळतात, खाट कोणत्या भिंतीला आहे. एकाच घरात छपराखालचा माळा आणि मधले माजघर यांत फरक पडतो; मधले बरे.

निघायच्या दिवशी आजींच्या सुनेने व्यवहाराचा प्रश्न काढला. "भावजी, ते सारं ऱ्हाऊ द्या. तशी वेळ आली तर आमी करायचं काय, तेवढं सांगा." तारापूरजवळ ज्यांचे आप्त राहतात अशा वाचकांसाठी त्याचे उत्तर इथे देतो. सूचना मिळताच घरात जावे, शक्य तो पक्क्या भिंतींच्या मधल्या खोलीत. दारे-खिडक्या लावाव्यात, पंखा-कूलर बंद. बाहेरून आलेल्याने कपडे दाराशी काढून अंग धुवावे. उघड्यावरची भाजी, उघड्या हौदाचे पाणी आणि बाहेर चरलेल्या जनावराचे दूध सांगेपर्यंत वापरू नये. आयोडीनच्या गोळ्या अधिकाऱ्यांनी सांगितल्या तरच आणि तेव्हाच घ्याव्यात. आणि सर्वांत विसरले जाणारे: ढग निघून गेल्याचे कळले की दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, नाहीतर आत शिरलेली थोडी हवा बाहेरच्या निवळलेल्या हवेपेक्षा वाईट होऊन बसते. बंद कधी करायचे हे जितके महत्त्वाचे, तितकेच उघडायचे कधी हे.

सुनेने ते सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हंजी पत्र्याच्या खोलीतनं समद्यांनी आत्याबाईंच्या माळवदाखाली यायचं." आजींच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले ते टिपायला त्या यंत्रात सोय नव्हती. गेली दहा वर्षे घरात एकच वाद चालला होता, की हे जुने माळवद पाडून त्यावर स्लॅब टाकायचा. स्लॅब टाकलात तरी बिघडत नाही, काँक्रीटही किरणे चांगले अडवते, हे भाच्याने प्रामाणिकपणे सांगायला सुरुवात केली होती. मी त्याच्या पाठीवर हळूच हात ठेवला आणि जेऊरच्या गाडीची वेळ झाल्याची आठवण करून दिली.